सिंधूबाईंचं टायमिंग

सायकलच्या इंजिनाचे पॉइंट बदलून घेतल्यापासून कुरणवाडी उपकेंद्राच्या नर्स सिंधू वाघचौरे निघण्याच्या अकरा मिनिटं आधी पोचू लागल्या. तालुका आरोग्य कार्यालयात उपकेंद्रांच्या नोंदवह्या तपासायचं काम माझ्याकडे असल्यामुळे ही गोष्ट आधी माझ्या लक्षात आली. भेटींच्या वहीत तीन रकाने असतात. बोलावणं आल्याची वेळ, निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ. सहा डिसेंबरच्या ओळीत बाईंनी लिहिलं होतं, बोलावणं नऊ वीस, निघाले नऊ तेवीस, पोचले नऊ बारा. वेळा दुरुस्त कराव्यात असा लाल शेरा मारून मी वही परत पाठवली. आठ दिवसांनी ती तशीच परत आली. शेऱ्याखाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "वेळा बरोबर आहेत."

बाईंची अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती. एखाद्या दिवशी बाहेर जाणं झालं नाही तर रकाना रिकामा न ठेवता "आज कुठे गेले नाही" असं लिहिणाऱ्या त्या. त्यांच्याकडे नऊ वस्त्या होत्या आणि त्या फिरायला एक सायकल होती. सायकलच्या मधल्या नळ्यांमध्ये एक छोटं पेट्रोलचं इंजिन बसवलेलं होतं. पायडल मारत थोडं पुढे जायचं आणि हातातला क्लच सोडायचा, की इंजिन धरायचं. ओलाव्यात मात्र ते धरेलच असं नसे.

नोव्हेंबरच्या अखेरीस दाट धुकं पडलं. सकाळी सातच्या सुमाराला ठोंबरेवस्तीवरून बोलावणं आलं. नंदा ठोंबरे पहिलटकरीण, आणि मूल पायाळू होतं. बाईंनी क्लच सोडला, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. त्यांनी सहा वेळा प्रयत्न केला. शेवटी सगळा चढ त्या पायडल मारत गेल्या. पोचल्या तेव्हा बाळ गेलं होतं. नंदा वाचली. तिनं अंथरुणावर थोडी सरकून बाईंना बसायला जागा करून दिली. त्या दिवशीच्या नोंदीत शेऱ्याच्या जागी एवढंच होतं, "पोचण्यास वीस मिनिटं उशीर. कारण, स्पार्क नाही." तिन्ही वेळा क्रमानं होत्या, म्हणून मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली होती.

दुसऱ्या दिवशी बाई सायकल ढकलत पाच किलोमीटरवरच्या नाक्यावर रज्जाक शिकलगार यांच्या गॅरेजात गेल्या. पुढे गॅरेज आणि मागे घर, अशी ती जागा होती. रज्जाकभाईंनी इंजिनाचं झाकण काढून त्यांना पॉइंट दाखवले. धातूची दोन बारीक टोकं, एकमेकांपासून सुटली की ठिणगी पाडणारी. ती काळी पडली होती. कितीही घासली तरी दवात ही अशीच दगा देणार, असं त्यांचं मत पडलं. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढून टाकू, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी बसवू, कॉइल, वायर आणि प्लगही नवे घालू, असं त्यांनी सुचवलं. बाई हो म्हणाल्या आणि बाकावर बसून राहिल्या.

सगळं बसवून झाल्यावर टायमिंगचा प्रश्न आला.

"ठिणगी कधी पडायची ते ठरवावं लागतं, बाई," रज्जाकभाई म्हणाले. "गरज लागेल तेव्हा पाडली तर उशीर होतो. थोडी आधीच पाडावी लागते."

"किती आधी?"

"लोक खुणेवर ठेवतात."

बाईंनी वाकून ती खूण पाहिली. मग म्हणाल्या, "मला पुन्हा उशीर व्हायला नको."

ठोंबरेवस्तीवरची बातमी नाक्यावर पोचली होती. रज्जाकभाईंनी दोन स्क्रू सैल केले आणि ठिणगीची वेळ ठरवणारी मॅग्नेटोची प्लेट खुणेच्या पुढे, खाच संपते तिथपर्यंत फिरवली. आता याच्यापुढे जागा नाही, असं सांगून त्यांनी स्क्रू आवळले.

सहा डिसेंबरला सकाळी शेंडगेमळ्यावरून शारदा शेंडगेचा फोन आला. सासरे मोरीत पडले, डोक्याला लागलंय, लवकर या, असं ती रडत सांगत होती. बाई तीन मिनिटांत निघाल्या. इंजिनानं पहिल्याच झटक्यात धरलं. रस्त्यात काही वेगळं झालं नाही. नेहमीइतकाच वेळ लागला, ओढ्यापाशी नेहमीचीच कुत्री मागे लागली. शेंडगेमळ्यावर पोचल्या तर शारदेचे सासरे, आबा शेंडगे, अंगणात पेपर वाचत बसले होते आणि भिंतीवरच्या घड्याळात नऊ बारा झाले होते.

आपण चुकीच्या घरी आलो का, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात आबा पेपरची घडी करून आंघोळीला उठले. बाई त्यांच्यामागे गेल्या आणि मोरीच्या पायरीवर त्यांनी आबांचा दंड धरला. आबांचा डावा पाय सटकला, पण ते पडले नाहीत. आंघोळ करून बाहेर आले. शारदेनं हसत चहा टाकला. बाई मात्र घड्याळाकडे पाहत होत्या. नऊ एकोणीस झाले होते आणि फोनपाशी कुणीच नव्हतं.

त्यांनी शारदेला उपकेंद्रावर फोन करायला सांगितलं. तुम्ही तर इथेच आहात, मग फोन कुणाला करू, असं शारदेनं विचारलं. बाईंनी तिला शांतपणे समजावलं. फोन आला नाही तर मी तिथून निघणार नाही. मी निघाले नाही तर इथे आलेली नाही. आणि मी इथे आलेली नसेन तर आबांचा दंड कुणी धरला?

शारदेनं फोन लावला. पलीकडून बाईंचाच आवाज आल्यावर ती गोंधळली, पण बोलली. बाईंनी खूण करून तिला सांगितलं की मी ऐकलं तेव्हा तू रडत होतीस. रडू येईना. मग तिची नजर मोरीकडे गेली. ओल्या दगडावर आबांची टाच घसरल्याची रेघ अजून तशीच होती. ती पाहिल्यावर तिला खरंच रडू आलं आणि थांबेना.

काही दिवसांत सगळ्या वस्त्यांना नियम माहीत झाला. बाई आल्या की जे टळेल ते टाळायचं, पण फोन करायचाच, आणि बाईंनी ऐकलेला असेल त्याच शब्दांत करायचा. याचा परिणाम असा झाला की उपकेंद्रात फोन उचलताना समोरचं माणूस खरं सांगतंय की वाचलेल्या माणसाबद्दल बोलतंय, हे बाईंना कधीच कळेनासं झालं. प्रत्येक वेळी त्या खरं धरूनच निघत. सगळंच टळत होतं असंही नाही. अकरा मिनिटं पुष्कळ गोष्टींना पुरत नाहीत. त्या वर्षी त्यांच्या वहीत दोन मृत्यू आहेत.

परत येताना त्या इंजिन बंद ठेवून पायडल मारत येत. एकदा भेट लवकर उरकली आणि त्यांनी सवयीनं क्लच सोडला, तर उपकेंद्रात पोचल्यावर टेबलापाशी त्या स्वतःच बसलेल्या होत्या. लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटांची मोजणी चालली होती. दोघींनी मिळून ती पुरी केली आणि मग आधीच्या बाई निघून गेल्या. त्या दिवशीचा आकडा बरोबर आहे, मी तपासला आहे.

जानेवारीत मी प्रत्यक्ष तपासणीला गेलो. बाई समोर बसून कार्डं लावत होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. त्यांचे हात गुंतलेले होते म्हणून मी उचलला. फोनवर बाईच होत्या. ढोबळेवस्तीवर पोचल्याचं त्यांनी मला कळवलं. समोरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कार्डांत घातली. मी फोनवर विचारलं की आपण कधी निघालात. त्या म्हणाल्या की अजून निघायचंय, आणि निघताना मोठी बँडेजं बरोबर घ्यायला मला सांगा. मी निरोप दिला. समोरच्या बाईंनी उठून बँडेजं पिशवीत भरली. चार मिनिटांनी ढोबळे यांचा रीतसर फोन आला आणि त्या गेल्या.

मी तसा अहवाल दिला. त्यावर दोन मुद्दे निघाले. पहिला रकान्यांचा. वहीतल्या वेळा क्रमानं असाव्यात असा नियम आहे, पण आधी कोणता रकाना हवा याबद्दल नियमात काही नाही. तेव्हा कुरणवाडीपुरता पोचल्याच्या वेळेचा रकाना सर्वांत डावीकडे घ्यायचं ठरलं. दुसरा मुद्दा असा की एकच कर्मचारी अकरा मिनिटं मुख्यालयात, म्हणजे उपकेंद्रातही असतो आणि भेटीवरही. बाईंनी त्या मिनिटांची किरकोळ रजा मिळावी म्हणून अर्ज केला. दोघींपैकी कोणी रजेवर जायचं ते त्यात लिहिलेलं नव्हतं, म्हणून साहेबांनी तो परत पाठवला. शेवटी मुख्यालयातली हजेरी हे काम आणि भेटीवरची हजेरी ही सेवा समजावी असं ठरून फाइल बंद झाली.

वस्त्यांवर मात्र प्रकरण इतकं सहज मिटलं नाही. बाईंच्या इंजिनाचा आवाज आला की लोक अंगणातून आत जात. आवाज आपल्या दारावरून पुढे गेला की बाहेर येत, आणि ज्याच्या दारात थांबला त्या घराकडे पाहत उभे राहत. एका वस्तीनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला की नर्सबाईंनी बोलावल्याशिवाय येऊ नये. त्याला बाईंनी लेखी उत्तर दिलं. "मी आजवर बोलावल्याशिवाय कुठेही गेलेली नाही. काही ठिकाणी बोलावणं यायचं बाकी असतं, इतकंच."

मार्चमधल्या एका मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, रज्जाकभाईंच्या घरून फोन आला. बोलणाऱ्या त्यांच्या पत्नी जैतूनबी होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "बाई, हे गेले." आणि फोन ठेवला गेला.

बाई चार तेराला निघाल्या. त्या प्रवासाबद्दल त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. नाक्याचा रस्ता सपाट आहे, पण त्या दिवशी तो संपेना. आपण पोचू तेव्हा रज्जाकभाई जिवंत असणार हे त्यांना माहीत होतं. पण त्या सायकलवर होत्या तोवर ते गेलेलेच होते. त्यांनी टायमिंग लावलेलं इंजिन मांडीखाली चालत होतं आणि बाई त्यांच्यासाठी रडत होत्या. नाक्यावर पोचल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. घड्याळात चार दोन झाले होते.

रज्जाकभाई खोक्यावर बसून कार्बोरेटर साफ करत होते. कपाळावर घाम होता आणि डाव्या हातानं ते जबडा दाबत होते. दाढ दुखते आहे अशी त्यांची समजूत होती. सायकल दारात थांबलेली पाहून त्यांनी कार्बोरेटर खाली ठेवला. टायमिंग त्यांनीच लावलेलं होतं, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"मी किती वेळानं फोन करणार आहे, बाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "भाभी करणार आहेत."

रज्जाकभाईंनी मान हलवली आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. बाईंनी त्यांना तिथेच आडवं केलं, एक गोळी चघळायला दिली आणि एक जिभेखाली ठेवली. रस्त्यावर जाऊन भाजीचा टेम्पो थांबवला. शेजारचे शिंपी बरोबर निघाले. जैतूनबीही टेम्पोत चढत होत्या, पण बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. चार सातला टेम्पो तालुक्याच्या दवाखान्याकडे गेला. उरलेली तीन मिनिटं त्या दोघी गॅरेजात फोनपाशी उभ्या होत्या.

काय बोलायचं, असं जैतूनबींनी विचारलं. बाईंना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगितले.

जैतूनबी मागे सरल्या. जिवंत माणसाबद्दल, तेही स्वतःच्या नवऱ्याबद्दल, हे माझ्या तोंडून निघणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसरं काहीही सांगा, पडले म्हणते, बेशुद्ध झाले म्हणते. बाई म्हणाल्या की दुसरं मी ऐकलेलं नाही. त्यांनी आग्रह केला नाही. शेंडगेमळ्यावर शारदेला समजावलं होतं तसं काही समजावलंही नाही. एका बायकोनं काय बोलावं हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा विचार तेव्हा त्यांच्या मनात होता, आणि घड्याळात चार नऊ झाले होते.

जैतूनबी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्ता मोकळा होता. टेम्पोची धूळ बाभळींवर बसत होती. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या, निदान बाईंना तो बराच वाटला. मग आत आल्या, फोन लावला आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या,

"बाई, हे गेले."

फोन ठेवून त्या खाली बसल्या.

"मी खोटं नाही बोलले," त्या म्हणाल्या. "गेलेच की. टेम्पोतनं गेले."

बाई त्यांच्याशेजारी बसल्या. तीन मिनिटांनी कुरणवाडीत इंजिन धरणार होतं. चार तेराला बाईंनी दुसरा टेम्पो थांबवला आणि जैतूनबींना दवाखान्याकडे पाठवलं.

रज्जाकभाई अठराव्या दिवशी घरी आले. आणखी महिन्याभरानं ते हत्यारांची पेटी घेऊन रिक्षानं कुरणवाडीला गेले. प्लग साफ करायचाय असं त्यांनी सांगितलं, पण झाकण काढल्यावर ते प्लेटकडे पाहत राहिले. बाईंची इच्छा असेल तर प्लेट पुन्हा खुणेवर आणून देतो, असं ते म्हणाले. मग बाई इतर लोकांसारख्या निघाल्यानंतर पोचतील. वेळेवर पोचतील, नवी डबी दगा द्यायची नाही. जैतूननं तुमचे डोळे पाहिले होते त्या दिवशी, असंही ते म्हणाले. दर वेळी असं रडत यायचं म्हणजे माणूस किती दिवस टिकेल?

बाईंनी यावर विचार करायला वेळ घेतला. त्यांनी चहा केला, कप धुतले, मग उत्तर दिलं.

"आधी मी वाटभर आशा धरून जायचे आणि पोचल्यावर ती सुटायची. आता वाटेत आशा नसते, पोचल्यावर असते. मला हे बरं पडतंय, रज्जाकभाई."

रज्जाकभाईंनी स्क्रू तसेच ठेवले. प्लग पुसून बसवला आणि झाकण लावलं.

मेमध्ये नव्या रकान्यांच्या छापील वह्या आल्या. त्या द्यायला मी कुरणवाडीला गेलो. वह्या मोजून घेऊन बाई सही करत होत्या तेवढ्यात फोन आला. त्यांनी तो उभ्यानंच ऐकला. काय झालं ते मला सांगितलं नाही. पिशवी उचलली आणि यायचं असेल तर मागे बसा म्हणाल्या. मी कॅरिअरवर बसलो. माझ्या वजनानं चढावर इंजिन दमलं तेव्हा मी उतरून थोडा चाललो. मला काही जाणवलं नाही. ऊन होतं, रस्ता होता. शेताच्या बांधावरच्या एका घरापाशी आम्ही थांबलो तेव्हा मी ओसरीवरच्या घड्याळात पाहिलं आणि माझं घड्याळ मागे करून घेतलं.

इंजिनाचा आवाज ऐकून आतून चाळिशीच्या एक बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात सांडशी होती. सिंधूबाईंना पाहून त्या घाबरल्या नाहीत. ओसरीवर आल्या, कोपऱ्यातला फोन हाताशी येईल असा वळवून ठेवला, आणि चटई अंथरून आम्हाला बसा म्हणाल्या.

"कोणासाठी आलात?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी," सिंधूबाई म्हणाल्या.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"किती वेळ आहे?"

"सात मिनिटं."

"मग दूध उतरवून येते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.